तितरमारेंच्या पोत्याची गाठ

गोपिकेने फ्रेंच घेतलं ते फी माफ होती म्हणून. नागपुरातल्या तिच्या कॉलेजात त्या वर्षी फ्रेंचच्या वर्गात मोजक्याच मुली होत्या आणि वर्ग बंद पडायला आला होता. जी नाव घालील तिला फी नाही, असं प्राचार्यांनी जाहीर केलं. गोपिकेचा बाप रामाजी तितरमारे भिवापूरला मिरची पिकवायचा. फ्रेंच ही भाषा आहे की शिवणकाम, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "फुकटात भेटून राहिलं त काहून सोडतं? घेऊन टाक."

शिकवायला एक म्हातारी नन होती. गोपिकेची हुशारी पाहून तिने आपल्या पेटीतल्या, बुरशीचा वास येणाऱ्या कादंबऱ्या तिला एकेक करून दिल्या. गोपिका वसतिगृहाच्या गच्चीवर बसून त्या वाचायची. त्यांतले राजवाडे आणि प्रेमपत्रं तिला फारशी कळली नाहीत, पण स्वयंपाकघरं कळली. कोंबडीची पिसं काढत बसलेली मोलकरीण, सगळ्यांची जेवणं झाल्यावर उभ्याने सूप पिणारी मालकीण, जावई आला की बाहेर निघणारी चांगली भांडी. हे सगळं भिवापूरलाही होतं. मग तिने त्या कादंबऱ्यांवरची समीक्षा वाचली. मोठमोठे फ्रेंच पंडित त्या कादंबऱ्यांतल्या आत्म्याबद्दल आणि समाजाबद्दल पानंच्या पानं लिहीत होते. सूप कोणी केलं, याचं एकालाही पडलं नव्हतं.

एम.ए. झाल्यावर तिने प्रबंधाला हाच विषय घेतला. नागपुरात मार्गदर्शक एकच होते. धंतोलीतले डॉ. मधुसूदन हरकरे.

हरकरे दोन वर्षं पॅरिसला राहून आले होते आणि ती दोन वर्षं त्यांना जन्मभर पुरली. कुठल्याही वाक्याची सुरुवात ते "आम्ही पॅरिसला असताना" अशी करू शकत. ते मराठीत फ्रेंच समीक्षेचा इतिहास लिहीत होते. परत आल्यापासून लिहीत होते. साऱ्या नागपुरात त्याला नुसतं 'ग्रंथ' म्हणत. हरकरे लग्नाला आले नाहीत तर ग्रंथामुळे, वर्गावर उशिरा आले तर ग्रंथामुळे. त्यांच्या घरात ग्रंथामुळे रेडिओ बंद असे. त्यांची बायको कौसल्याबाई, जिला सगळे विद्यार्थी काकू म्हणत, वर्षाचं तिखट कुटायला खलबत्ता घेऊन शेजारच्या अंगणात जायची, कारण घरात ठक ठक झाली की ग्रंथाचा धागा तुटायचा.

पहिल्या भेटीत हरकऱ्यांनी तिचा अर्ज चष्मा वर करून वाचला.

"तितरमारे!" ते मनापासून हसले. "अहो, फ्रेंच समीक्षा करायची की तितर मारायचे? छापताना नाव बदला बरं. आणि विषय काय तर स्वयंपाकघर. बाई, चूल वेगळी, समीक्षा वेगळी."

"पण सर, कादंबरीत चूल आहे ना."

"आहे हो. म्हणून काय तिच्यावर प्रबंध ठेवायचा शिजायला?" ते पुन्हा हसले. "तुमचं फ्रेंच ठीक आहे. फक्त त्याला भिवापूरचा ठसका आहे."

आतून पन्हं घेऊन आलेल्या काकूंनी भिवापूर एवढंच ऐकलं. "भिवापूरची का गं तू? मग तुमच्याकडची मिरची आणशील का थोडी?"

गोपिकेने आणली. त्या काळी विद्यार्थी मार्गदर्शकाच्या घरचं काही ना काही करतच. कोणी दळण आणायचं, कोणी आरक्षणाच्या रांगेत उभं राहायचं. गोपिका दर चैत्रात मिरचीचं पोतं आणायची, आणि पाच वर्षं काकूंबरोबर शेजारच्या अंगणात बसून तोंडाला पदर बांधून ती कुटायची. उरलेल्या वेळात तिने प्रबंध लिहिला.

अडुसष्ट साली तो पुरा झाला. हाताने लिहिलेली एकच प्रत. सरांनी वाचून होकार दिला की मग टाइप करायची, अशी पद्धत होती. सरांना देण्याआधी ती तो गठ्ठा बापाला दाखवायला भिवापूरला घेऊन गेली. रामाजीने कागदांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "येवढं सारं चुलीवर लिवलं? तुही माय आयकली असती त हासली असती वं."

मग तो सुतळी घेऊन आला आणि त्याने गठ्ठा बांधला. मिरचीची पोती बांधताना मारायचा तीच गाठ मारली.

त्या गाठीची एक गोष्ट होती. भिवापूरची मिरची गाडीतून इतवारीच्या बाजारात जायची. वाटेत पोती उघडून कोणी ओंजळ-दोन ओंजळी काढून घ्यायचं आणि पुन्हा बांधून ठेवायचं. म्हणून घराघराची गाठ वेगळी असे. तितरमाऱ्यांची गाठ त्यांच्या घरच्यांशिवाय कोणालाच बांधता येत नसे. सोडायलाही ती अवघड. ओढाल तितकी आवळायची. बाजारात गाठ तशीच दिसली की रामाजीला कळे, पोत्याला कोणाचा हात लागला नाही.

"आता मधात कोनी खोललं त तुले मालूम पडन," रामाजी म्हणाला.

"बाबा, सरांना तर खोलायचंच आहे ना!"

"मंग खोलू दे ना. म्या कुठं नाही म्हनलं?"

तो गठ्ठा तिने हरकऱ्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून मागच्या कपाटावर ठेवला आणि म्हणाले, "वाचतो."

त्या उन्हाळ्यात तिने विचारलं. "वाचतो आहे." दिवाळीत विचारलं. "वाचतो आहे, घाई काय?" दुसऱ्या वर्षी पॅरिसच्या शिष्यवृत्तीची जाहिरात आली. वयाची अट होती, आणि प्रबंध स्वीकारल्याचा दाखला हवा होता. ती धावत धंतोलीला गेली. हरकरे म्हणाले, "असं उरकायचं नसतं, तितरमारे. आम्ही पॅरिसला असताना एकेक परिच्छेद महिनाभर वाचायचो." शिष्यवृत्तीची मुदत गेली, पाठोपाठ तिचं वयही गेलं. घरी दोन स्थळं आली. प्रबंध होऊ द्या, असं तिने दोघांना कळवलं; एक वर्षभर थांबला आणि मग त्याने उमरेडची मुलगी केली. तिसऱ्या वर्षी विद्यापीठातून कागद आला: नोंदणीची मुदत संपली आहे.

ती गठ्ठा परत आणायला गेली. हरकऱ्यांनी खुर्चीवर चढून तो कपाटावरून काढला, धूळ फुंकली आणि तिच्या हातात दिला.

"दोनदा वाचला," ते म्हणाले. "मेहनत आहे, पण विषयच कच्चा. चौथ्या प्रकरणात तर तुमचा तोल फारच जातो."

गोपिकेने गठ्ठ्याकडे पाहिलं. सुतळीवर बापाची गाठ होती. तशीच.

"बरं, सर," म्हणाली आणि वाकून नमस्कार करून निघाली. काकू दारापर्यंत आल्या, त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "पुढल्या चैत्रात येशील ना गं?"

"येईन की," गोपिका म्हणाली. "मिरची लागेलच तुम्हाला."

गठ्ठा तिने घरी नेऊन फडताळात ठेवला. सोडला नाही. गाठ सोडली असती तर ते पुन्हा नुसते कागद झाले असते, आणि हरकरे म्हणाले असते, मी वाचला होता.

पुढल्या चैत्रात ती पोतं घेऊन धंतोलीला गेली. हरकऱ्यांना वाटलं, मुलगी गुणी आहे, राग धरत नाही. ते बैठकीत बसले होते. तिने पोतं स्वयंपाकघरात दिलं, बाहेर येऊन समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "सर, या वर्षी तीन लेख छापून आले." तिने ते कुठे आले, कशावर आले, ते सांगितलं. सावकाश सांगितलं. मग आवाजात सगळा आदर आणून विचारलं, "आणि सर, ग्रंथ कुठवर आला?"

"चालू आहे," हरकरे म्हणाले.

"वा," गोपिका म्हणाली आणि पन्हं प्यायली.

हे मग दर वर्षी झालं. ती एका महिला कॉलेजात फ्रेंच शिकवायला लागली होती. मासिकांत लिहायची, आणि प्रत्येक लेखाखाली पूर्ण नाव घालायची: गोपिका रामाजी तितरमारे. एका संपादकाने सुचवलं की नुसतं गोपिकाबाई छान दिसेल. तिने लेख परत मागवला. फ्रेंच कादंबऱ्या मराठी वाचकाला कशा सांगायच्या, ते तिला येत होतं. पॅरिसची खानावळ ती सीताबर्डीच्या खानावळीसारखी सांगायची, म्हणून लोक वाचायचे. पंचाहत्तर साली तिचं पहिलं पुस्तक आलं आणि त्याला बक्षीस मिळालं. त्या चैत्रात तिने पोत्याबरोबर पुस्तकही नेलं, सरांच्या पाया पडली आणि प्रत त्यांच्या हातात दिली. सही करून. "सरांना, ज्यांनी मला वाट पाहायला शिकवलं."

हरकऱ्यांनी ती ओळ वाचली. त्यांचे कान लाल झाले.

"सर, ग्रंथ कुठवर आला?"

"चालू आहे."

गोपिका गेल्यावर हरकरे बायकोवर ओरडले. "ती बाई मिरची आणते ते बंद कर. बाजारात मिरची मिळत नाही का?"

"मिळते ना," काकू म्हणाल्या. "आणून पाहिली होती मागे. तुम्हीच ताट सारलं होतंत. म्हणालात, भाजीला रंगच नाही."

हरकऱ्यांच्या जिभेला भिवापूर लागलं होतं. पुढल्या चैत्रात ते पुन्हा बैठकीत बसले.

अठ्ठ्याहत्तर साली गोपिकाबाईंना पॅरिसच्या विद्यापीठाने सहा महिने बोलावलं. रामाजी आदल्याच वर्षी वारला होता, नाहीतर त्याने साऱ्या भिवापुरात सांगितलं असतं. परत आल्यावर त्या चैत्रात पोतं घेऊन गेल्या आणि खुर्चीवर टेकता टेकता म्हणाल्या, "सर, आम्ही पॅरिसला असताना..."

आतल्या खोलीत काकूंच्या हातून वाटी पडली. नंतर त्या म्हणाल्या, निसटली.

हरकरे निवृत्त झाले आणि मग, कोणाला खरं वाटणार नाही, पण ग्रंथ पुरा झाला. करायला दुसरं काही उरलं नव्हतं. पुण्याच्या प्रकाशकाकडून उत्तर आलं: छापू, पण विषय अवघड आहे, खपायला हवा, तितरमारेबाईंची प्रस्तावना मिळाली तर लगेच छापू.

एक्याऐंशीच्या चैत्रात गोपिकाबाई गेल्या तेव्हा बैठकीतल्या टेबलावर लाल फितीने बांधलेला जाड गठ्ठा होता. हरकरे उठून उभे राहिले. त्यांच्यासाठी ते आधी कधी उठले नव्हते.

"बाई," ते म्हणाले. या वेळी तितरमारे म्हणाले नाहीत. "हा ग्रंथ. एकच प्रत आहे. तुम्ही वाचावा आणि चार शब्द लिहावेत अशी इच्छा आहे."

गोपिकाबाईंनी गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवला.

"वाचते," त्या म्हणाल्या.

घरी नेऊन त्यांनी तो फडताळात ठेवला, आपल्या प्रबंधाशेजारी. लाल फितीला हात लावला नाही. हे सोपं नव्हतं. जन्मभर ज्या विषयावर त्या जगल्या, त्यावरचा मराठीतला पहिला मोठा ग्रंथ हाताच्या अंतरावर होता. काही वेळा त्या फडताळ उघडून नुसत्या उभ्या राहत. मग डाळीचा डबा काढून फडताळ लावत.

दिवाळीत हरकऱ्यांनी माणूस पाठवला. "वाचते आहे म्हणावं." दुसऱ्या वर्षी हरकरे स्वतः रिक्षा करून आले, जिने चढून, धापा टाकत. प्रकाशक थांबायला तयार नाही, असं म्हणाले.

"असं उरकायचं नसतं, सर," गोपिकाबाई म्हणाल्या. "एकेक परिच्छेद महिनाभर वाचावा लागतो."

हरकऱ्यांना ते वाक्य आपलं आहे हे कळलं की नाही, कोण जाणे. माणसाला दुसऱ्याला बोललेलं आठवत नाही. ते खाली मान घालून जिना उतरले. वरून त्यांच्या टकलावर ऊन पडलेलं दिसत होतं. ते रस्त्यावर पोचेपर्यंत गोपिकाबाई दारात उभ्या राहिल्या. मग त्यांनी दार लावलं आणि चहा केला.

त्र्याऐंशीच्या चैत्रात त्या धंतोलीला गेल्या तेव्हा पोत्याबरोबर दोन गठ्ठेही नेले. हरकरे आता खूप थकले होते, बोटं थरथरत होती, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. गोपिकाबाईंनी दोन्ही गठ्ठे टेबलावर मांडले. एकावर लाल फीत, दुसऱ्यावर काळपटलेली सुतळी.

लाल फीत पाहून हरकरे म्हणाले, "तुम्ही उघडलाच नाही."

"नाही."

"दोन वर्षं?"

"तुमच्याकडे माझा तीन वर्षं होता, सर."

हरकऱ्यांनी दुसऱ्या गठ्ठ्याकडे पाहिलं. तो ओळखायला त्यांना वेळ लागला. ओळखल्यावर त्यांनी मान वळवली. "तो मी वाचला होता. दोनदा."

"मग ही गाठ कोणी बांधली? तुम्ही?" गोपिकाबाईंनी शांतपणे विचारलं. "ही आमच्या बापाची गाठ आहे. आमच्या घराबाहेर कोणाला बांधता येत नाही. बाबा गेले, सर. त्यांनी बांधली तशी आहे ही. अडुसष्ट सालापासून."

हरकऱ्यांनी वाकून गाठ निरखली.

"काय हवं आहे तुम्हाला?" हरकऱ्यांनी विचारलं. "माफी मागू?"

"माफी घेऊन काय करू? तुम्ही माझा प्रबंध वाचा. आज गाठ सोडा, पहिलं पान माझ्यासमोर वाचा. तुम्ही पहिलं पान वाचलं की मी तुमची फीत सोडते आणि महिन्याच्या आत प्रस्तावना देते. खोटी नाही, मनापासूनची. ग्रंथ वाईट असला तरी त्यातलं चांगलं शोधून काढीन. मला ते येतं."

हरकऱ्यांनी गठ्ठा पुढे ओढला. सुतळीचं एक टोक धरून ओढलं. गाठ आवळली. दुसरं ओढलं. आणखी आवळली. नख घालून पाहिलं, दात लावायला गेले आणि लाजून थांबले. चष्मा काढला, घातला. पेन्सिलीचं टोक घातलं, ते मोडलं. "कात्री आण गं," ते आत पाहून ओरडले.

"कात्री नको, काकू," गोपिकाबाई म्हणाल्या. "मिरचीच्या पोत्याला कात्री लावत नाहीत. हाताने सोडा, सर. मी थांबते."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे फरशीवर यंदाचं पोतं होतं. ते उघडलेलं होतं, सुतळी बाजूला गुंडाळून ठेवली होती. वीस वर्षं दर चैत्रात काकू तीच गाठ सोडत होत्या. रामाजीनेच एकदा येऊन दाखवली होती त्यांना: ओढायचं नाही, मधलं टोक आत ढकलायचं, की फुलासारखी सुटते. एवढंच.

गोपिकाबाईंनी उघडलेल्या पोत्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकूंनीही पाहिलं. त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, हात त्यात गुंडाळले आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

हरकरे ओढत होते. घाम फुटला होता, बोटं लाल झाली होती. एकदाही त्यांनी मान वळवून विचारलं नाही की तुला येते का गं ही. स्वयंपाकघरात काही येत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. काकूही बोलल्या नाहीत. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. शेवटी हरकऱ्यांनी हात टेबलावर टाकले आणि म्हणाले, "सुटत नाही."

"असू दे, सर," गोपिकाबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही गठ्ठे पिशवीत भरले. "पुढल्या चैत्रात पुन्हा आणते."

पायऱ्यांपर्यंत पोचवायला काकू आल्या. "यंदा मिरची कमी वाटते गं," त्या म्हणाल्या. "पुढल्या साली जरा जास्त आण."

पुढला चैत्र हरकऱ्यांना लाभला नाही. ते त्या थंडीत गेले. शोकसभा झाली, भाषणं झाली, ग्रंथाचा उल्लेख सगळ्यांनी केला. महिनाभराने त्यांचे दोन विद्यार्थी गोपिकाबाईंकडे आले. स्मृतिदिनाला ग्रंथ छापायचा आहे, हस्तलिखित तुमच्याकडे आहे असं कळलं, वाचून झालं का?

"वाचून राहिली," गोपिकाबाई म्हणाल्या. सरांना न आवडणाऱ्या भिवापूरच्या भाषेत म्हणाल्या, आणि चहा न विचारता दार लावलं.

चैत्रात त्या पोतं घेऊन धंतोलीला गेल्या. बैठकीत रेडिओ लागला होता, मोठ्याने. काकूंनी पोतं जमिनीवर टेकवलं, मधलं टोक आत ढकललं आणि गाठ सुटली. खलबत्ता आता घरातच होता. कुटता कुटता काकू म्हणाल्या, "तुझा तो गठ्ठा आण एकदा. मी सोडते. मला वाच म्हणशील तर वाचीनही. चुलीबद्दल आहे ना?"

गोपिकाबाईंचा हात थांबला. "नको, काकू. तो त्यांनीच सोडायला हवा होता."

"म्हणजे त्यांचा ग्रंथ तुझ्या फडताळात, आणि तुझा प्रबंधही तुझ्याच फडताळात. दोन्ही बांधलेले."

"हो."

"मग तुझं आणि त्यांचं सारखंच झालं की गं."

रेडिओवर कोणीतरी बाजारभाव सांगत होतं. गोपिकाबाईंनी मूठभर मिरच्या उचलून खलात टाकल्या.

"होऊ द्या," त्या म्हणाल्या.

काकूंनी बत्ता उचलला आणि खाली आणला. दोघींनाही ठसका लागला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.